झाडपाल्याच्या औषधात लपवलेली रसायनं : एका भेसळीची पार्श्वभूमी

वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत कारखान्यातलं औषध मिसळण्याचा प्रकार नवा नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची हकीकत नोंदवली. चिनी वनौषधी समजून घेतलेल्या गोळ्यांमुळे त्यांच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. गोळ्यांत अमिनोपायरिन आणि फेनिलब्युटाझोन ही कारखान्यात बनलेली वेदनाशामकं सापडली. अमिनोपायरिनचा हा दोष १९३० च्या दशकापासून ठाऊक होता. रुग्णांना मात्र आपण ते घेतोय हेच माहीत नव्हतं.

ही भेसळ किती पसरली होती, हे तैवानमधल्या पाहणीतून दिसलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २,६०९ नमुने तपासले गेले आणि २३.७ टक्क्यांत कृत्रिम औषधं निघाली. २००२ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं ‘पीसी-स्पेस’ हे वनौषधी मिश्रण बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण त्यात रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आढळलं.

काय मिसळायचं, हे बाजारात कोणतं औषध चालतंय त्यावर ठरत गेलं. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) १९९८ मध्ये आलं आणि पुढे ‘ताकदीच्या’ गोळ्यांत शिरलं. वजन कमी करणारं सिब्युट्रामिन हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपातून हटवलं गेलं, पण त्यानंतरही ते ‘नैसर्गिक’ कॅप्सूलमध्ये सापडत राहिलं.

मला सगळ्यात घातक वाटतं ते सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या औषधातलं स्टेरॉइड. दोन दिवसांत आराम पडतो, आणि नेमका तोच आराम रुग्णाचा विश्वास पक्का करतो. महिनोन्‌महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे तशाच जातीचं, रक्तदाब टिकवणारं संप्रेरक, बनवणं कमी करतं. मग औषध एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. समोरचा डॉक्टर विचारतो, “स्टेरॉइड घेत होता का?” रुग्ण अगदी खरेपणाने “नाही” म्हणतो.

सिंगापूरमध्ये २००८ साली तर मधुमेह नसलेल्यांची साखर अचानक घसरू लागली. लैंगिक ताकदीच्या बेकायदा गोळ्यांत, त्यातल्या काही वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या, मधुमेहावरचं ग्लिबेनक्लामाइड होतं. चौघे दगावले.

प्रयोगशाळा आता मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या तंत्राने, अशी औषधं हुडकतात. म्हणून भेसळ करणारे औषधाच्या रेणूची रचना थोडी बदलतात. ज्ञात औषधांच्या यादीशी ताडून केलेल्या तपासणीतून तो बदललेला रेणू निसटतो, आणि माणसांवर कधीच न तपासलेलं रसायन रुग्णाच्या पोटात जातं.