वॉटर्लूआधीची असई : आर्थर वेलस्लीच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

वेलिंग्टनचा पहिला ड्यूक आर्थर वेलस्ली याचे नाव जगाच्या इतिहासात वॉटर्लूशी कायमचे जोडले गेले आहे. मात्र १८१५ साली नेपोलियनसमोर उभा राहिला तो सेनापती घडला दख्खनमध्ये. नेपोलियनने त्याला ‘शिपायांचा सेनापती’ म्हणून हिणवले असे सांगतात. त्यामागे हिंदुस्थानात मिळवलेली कीर्ती युरोपात ग्राह्य धरायची नाही, हा त्या काळचा सर्वसाधारण समज होता.

वेलस्लीचा जन्म १७६९ साली आयर्लंडमधील डब्लिन येथे, एका इंग्रज वंशाच्या उमराव घराण्यात झाला. घराण्याला प्रतिष्ठा होती, पण पैसा बेताचा होता आणि हा मुलगा तर ईटनच्या शाळेतही चमकला नव्हता. त्या काळी ब्रिटिश पायदळातील हुद्दे विकत घेता येत. १७८७ साली लष्करात शिरलेला आर्थर थोरल्या भावाच्या पैशावर आणि वशिल्यावर १७९३ मध्ये ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला, तेव्हा त्याने एकही लढाई पाहिलेली नव्हती. पुढच्या वर्षी फ्लँडर्सच्या मोहिमेत ब्रिटिश फौजेची दैना उडाली. रसद वेळेवर पोहोचत नव्हती, वरिष्ठ आघाडीवर फिरकत नव्हते आणि कडाक्याच्या थंडीत माघार घेताना माणसे वाटेतच मरत होती. काय करू नये, हे आपण तेथे शिकलो असे तो पुढे म्हणत असे.

१७९७ च्या आरंभी तो कलकत्त्याला उतरला आणि पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. या योगायोगाचे महत्त्व कमी लेखून चालणार नाही. १७९९ मध्ये टिपू सुलतानाची राजधानी श्रीरंगपट्टण घेताना तटावर चढाई केली ती डेव्हिड बेअर्डने, पण शहराचा कारभार दुसऱ्याच दिवशी सोपवण्यात आला तो आर्थरकडे, आणि बेअर्डला याचा संताप येणे साहजिक होते. त्याआधी महिनाभरच सुलतानपेठच्या राईवर रात्री केलेला आर्थरचा हल्ला पुरता फसला होता. असे असूनही त्याने हाती आलेल्या संधीचे चीज केले. म्हैसूरच्या मुलखात बंड माजवणाऱ्या धोंडिया वाघाचा पाठलाग करताना, १८०० साली, त्याने बैल, धान्य आणि नदीपार होण्याची साधने यांचा हिशेब मांडायला सुरुवात केली. त्या मोहिमेत धोंडिया मारला गेला. त्याच्या लहानग्या मुलाचा, सलाबत खानाचा, सांभाळ मात्र वेलस्लीने केला आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी रक्कमही ठेवली.

मराठी मुलखाशी त्याचा खरा संबंध आला तो पेशवाईतील दुहीमुळे. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने वसईच्या तहावर सही केली. पेशव्याला पुन्हा गादीवर बसवण्याचे काम वेलस्लीकडे आले. पुणे जाळले जाणार अशी आवई उठताच त्याने घोडदळ घेऊन शेवटची सुमारे ६० मैलांची मजल ३२ तासांत मारली आणि २० एप्रिल १८०३ रोजी तो शहरात पोहोचला. मे महिन्यात बाजीराव पुण्याला परतला. एका मराठा सत्ताधीशाने इंग्रजांच्या संगिनींच्या बळावर मिळवलेली ही गादी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना मान्य होणे शक्य नव्हते, त्यामुळे ऑगस्टमध्ये युद्ध पेटले.

या युद्धाची वेळ विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी फौजांची मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे, कारण पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहत आणि घोड्यांच्या हालचाली थांबत. वेलस्लीने नेमकी हीच अडचण आपल्या बाजूला वळवली. नद्या भरल्या की वेगवान मराठी घोडदळ अडेल आणि ज्याच्याकडे होड्यांची सोय आहे तो पुढे सरकेल, असा त्याचा हिशेब होता. म्हणून त्याने वेताच्या, कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा होड्या तयार करवल्या. म्हैसूरच्या चपळ बैलांसाठी आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांसाठी त्याने लिहिलेली पत्रे वाचली, तर हा सेनापती आहे की आडत्या, असा प्रश्न पडावा. वाटेतल्या गावांना लुटण्याऐवजी धान्याचे दाम मोजायचे आणि लूट करणाऱ्या सैनिकाला कठोर शासन करायचे, ही त्याची शिस्तही दयेपेक्षा याच हिशेबातून आली होती. लुटलेल्या गावातून दुसऱ्यांदा धान्य मिळत नाही.

८ ऑगस्ट रोजी त्याने अहमदनगरची पेठ तटाला शिड्या लावून घेतली आणि चार दिवसांत भुईकोट किल्लाही शरण आला. त्यानंतर २३ सप्टेंबरला, सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, अपेक्षेपेक्षा लवकर आणि एकट्यानेच त्याची गाठ शिंदे-भोसल्यांच्या मुख्य सैन्याशी पडली. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज वेगळ्या वाटेने येत होती. वेलस्लीजवळ कवायती सैन्य सुमारे साडेचार हजार होते, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ. समोर शिंद्यांचे दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ, शंभरावर तोफा आणि त्याहून कितीतरी मोठे घोडदळ होते. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले. पण केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे वसलेली पाहून त्याने तर्क केला की त्या गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच. तो तर्क खरा ठरला. नदी ओलांडून तो केळणा आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरला, म्हणजे शत्रूचे घोडदळ बगलेने फिरू नये.

यापुढचे मात्र काहीच त्याच्या मनासारखे घडले नाही. शिंद्यांची पायदळ पलटण, हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली, तोंड फिरवून इतक्या सफाईने नव्या आघाडीवर उभी राहिली की ती हालचाल कोणत्याही युरोपीय फौजेला शोभली असती. तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. उजव्या बगलेचा अधिकारी वाट चुकून थेट असई गावाकडे वळला, त्याच्यामागे ७४ वी हायलँडर्स पलटण गेली आणि तिची जवळजवळ कत्तल झाली. घोडदळाच्या हल्ल्याने ती बाजू कशीबशी सावरली. त्याच लढाईत कर्नल मॅक्सवेल पडला. वेलस्लीचा एक घोडा गोळीने मेला, दुसरा भाल्याने जखमी झाला. संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती आल्या होत्या, पण त्यांची दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली होती, म्हणजे कवायती सैन्याचा तिसरा हिस्सा.

हा विजय मराठी सैन्याच्या भ्याडपणामुळे मिळाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पायदळ आणि गोलंदाज जागेवर लढत मेले. कमकुवत होते ते नेतृत्व. शिंद्यांच्या चाकरीतील अनेक युरोपीय अधिकारी इंग्रजांच्या जाहीरनाम्याला भुलून आधीच फुटले होते, आणि संख्येने प्रचंड असलेले घोडदळ निर्णायक क्षणी जवळजवळ बघ्याच्या भूमिकेत राहिले. नोव्हेंबरच्या अखेरीस अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड पडला. त्याच महिन्यात देवगावचा आणि सुर्जी-अंजनगावचा असे दोन तह झाले. भोसल्यांनी कटक गमावले, तर शिंद्यांना गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगर सोडावे लागले.

१८०५ साली तो मायदेशी परतला. १८०८ पासून पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये त्याने जे सहा वर्षे केले, त्यात दख्खनचा धडा स्पष्ट दिसतो. बैलांची जागा खेचरांनी घेतली, पण शेतकऱ्याला दाम मोजणे, रसदीच्या बळावर टिकून राहणे आणि फ्रेंचांना लुटीवर जगायला लावून उपाशी पाडणे हे तेच होते. लिस्बनजवळच्या तोरेस व्हेद्रासच्या तटबंदीपुढे १८१० मध्ये फ्रेंच सेनापती मासेनाचे सैन्य भुकेनेच हटले. सालामांका (१८१२) आणि व्हितोरिया (१८१३) या लढायांनी फ्रेंचांचा स्पेनमधील जम मोडला. बुर्गोसचा वेढा तेवढा त्याला उठवावा लागला. १८१४ मध्ये तो ड्यूक झाला. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला त्याने टेकाडाच्या मागच्या उतारावर सैन्य दडवून दिवसभर तग धरला आणि संध्याकाळी ब्लूखरच्या प्रशियन फौजेने पारडे फिरवले. हा विजय दोघांचा होता, हे ब्रिटिश सांगण्यात अनेकदा झाकले जाते.

राजकारणात त्याला तितके यश आले नाही. १८२८ ते १८३० या काळात पंतप्रधान असताना त्याने कॅथलिकांना राजकीय हक्क देणारा कायदा संमत करवला, पण मताधिकाराच्या सुधारणेला केलेल्या विरोधामुळे तो सत्तेबाहेर गेला; पुढे लंडनच्या जमावाने त्याच्या घराच्या काचाही फोडल्या. उत्तरायुष्यात सर्वोत्तम लढाई कोणती, असे विचारले असता त्याने असईचे नाव घेतले. १८५२ साली त्याचे निधन झाले. त्याच्या तीन वर्षे आधी, पंजाबात शिखांशी झालेली चिलियनवालाची लढाई अंगावर आल्यावर सरसेनापती या नात्याने त्याने चार्ल्स नेपियरला हिंदुस्थानात जाण्याचा आग्रह केला आणि ‘तुम्ही जात नसाल तर मला जावे लागेल’ असे बजावले. तेव्हा त्याचे वय ७९ होते. नेपियर निघाला, पण तो पोहोचेपर्यंत शिखांशी चाललेले युद्ध संपले होते.