ड्युअल बूट

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी बसवायच्या आणि यंत्र चालू करताना त्यातली कोणती उघडायची ते निवडायचे, या सोयीला ड्युअल बूट म्हणतात. दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालत नाहीत. एक चालू असते तेव्हा दुसरी डिस्कवर नुसती पडून असते, आणि तिच्याकडे जायचे तर संगणक रीस्टार्ट करावा लागतो. जोडी विंडोज आणि लिनक्सची असू शकते किंवा विंडोजच्याच जुन्या-नव्या आवृत्त्यांची. मराठवाड्यात पहिली जोडी छत्रपती संभाजीनगर, नांदेड अशा ठिकाणच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर दिसते, तर दुसरी तालुक्याच्या गावातल्या डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांत. संगणकाच्या पुस्तकांतून पहिलीचे कौतुक फार होते. इथल्या पोटापाण्याशी संबंध आहे तो दुसरीचा, म्हणून या नोंदीत तिलाच जास्त जागा दिली आहे.

जुनी विंडोज का टिकली

बसस्थानकाजवळच्या एखाद्या दुकानात एकाच टेबलावर लग्नपत्रिका, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि सरकारी योजनांचे ऑनलाइन फॉर्म ही सगळी कामे चालतात. यातली छपाईची कामे पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरवर होत आली. पेजमेकर ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणारी पद्धत, कळत नाही. त्यामुळे मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी किंवा सीडॅकच्या सुरेखसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकला जातो. अशा फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरे साठवलेली नसतात. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड, आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फाँट नसलेल्या संगणकावर तीच पत्रिका उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

त्यात भर म्हणजे मराठी टंकनाच्या काही सॉफ्टवेअरना डोंगल लागे. प्रिंटरच्या जाड पोर्टला किंवा यूएसबीला लावायचे हे कुलूप असल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नसे, आणि त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठीच लिहिलेला. बऱ्याच जुन्या प्रिंटर-स्कॅनरचीही तीच गत. वीस वर्षांच्या पत्रिकांचा साठा आणि बसलेला हात घेऊन दुकानदार विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ सोडायला तयार नसतो, आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही.

फॉर्म भरण्याचे काम मात्र दर वर्षी त्याला पुढे ढकलते. गूगलने क्रोम ब्राउझरचे एक्सपीवरचे अपडेट २०१६ मध्ये थांबवले. विंडोज ७ वर चालणारे शेवटचे क्रोम म्हणजे आवृत्ती १०९, आणि ती २०२३च्या सुरुवातीची. खुद्द मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी बंद केली. जुन्या ब्राउझरवर पीक विम्याचे किंवा शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ अर्धवट उघडते, कधी उघडतच नाही, आणि बाहेर शेवटच्या तारखेची रांग उभी असते. दुसरा संगणक घ्यायचा तर पैसे लागतात, शिवाय टेबलाला जागा हवी आणि इन्व्हर्टरवर भार वाढतो. मग एकाच यंत्रावर दोन्ही विंडोज मारून घेतल्या जातात.

चालू होताना काय घडते

जुन्या बायोस (यंत्र चालू होताच मदरबोर्डवरून आधी चालणारा प्रोग्राम) पद्धतीत संगणक डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो. त्यातल्या ४४६ बाइटमध्ये सुरुवातीचा छोटा प्रोग्राम असतो, ६४ बाइटमध्ये पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांचा, तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ओळखीची खूण. तक्त्यात फक्त चार प्राथमिक पार्टिशन मावतात. विंडोज ७ च्या काळातल्या कित्येक लॅपटॉपवर कंपनीने या चारही जागा आधीच भरलेल्या असत, त्यामुळे नवे पार्टिशन पाडायला गेले की काम अडे. हा छोटा प्रोग्राम सक्रिय पार्टिशनकडे जातो आणि तिथला बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, उचलतो. एक्सपीचा बूटलोडर एनटीएलडीआर, त्याची यादी बूट डॉट आयएनआय या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. व्हिस्टा या एक्सपी आणि ७ च्या मधल्या विंडोजपासून पुढे बूटएमजीआर आला आणि यादी बीसीडी नावाच्या वेगळ्या साठ्यात गेली. तो नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करता येत नाही, त्यासाठी बीसीडीएडिट ही आज्ञा वापरावी लागते.

बायोसच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआय पद्धतीत हा पहिला तुकडा महत्त्वाचा राहत नाही. डिस्कवर फॅट ३२ प्रकारचे एक छोटे ईएफआय पार्टिशन असते, प्रत्येक प्रणाली आपला बूटलोडर त्यात फाइल म्हणून ठेवते, आणि कोणती फाइल आधी उघडायची हे मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदलेले असते. म्हणूनच इथे एका प्रणालीने दुसरीचा बूटलोडर पुसून टाकण्याचा धोका बराच कमी.

जुनी आधी, नवी नंतर

विंडोजच्या दोन आवृत्त्या बसवताना पाळायचा नियम एकच: जुनी आधी, नवी नंतर. एक्सपी असलेल्या डिस्कवर वेगळ्या पार्टिशनमध्ये विंडोज ७ टाकली की तिचा बूटएमजीआर एक्सपीला ओळखतो आणि 'अर्लियर व्हर्जन ऑफ विंडोज' या नावाने तिला यादीत घेतो. यादी पडद्यावर ३० सेकंद थांबते, बटण दाबले नाही तर ठरलेली प्रणाली आपोआप सुरू होते. उलट क्रमाने केले तर एक्सपी सुरुवातीचा कोड आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिते, आणि एनटीएलडीआरला व्हिस्टापासून पुढचे काहीच ठाऊक नसल्यामुळे विंडोज ७ यादीतून नाहीशी होते. फाइली जागेवरच असतात. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून बूट दुरुस्त करता येते, पण ग्राहक घाबरलेला असतो आणि पुष्कळदा घाईघाईत सगळी डिस्कच फॉर्मेट मारली जाते. डाटा उडतो तो इथे.

एक्सपी टाकताना दुसरी अडचण साटा (नव्या प्रकारच्या केबलने जोडायच्या) डिस्कची येते. बायोसमध्ये डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआय ही नवी असेल तर एक्सपीच्या सीडीला डिस्क सापडत नाही किंवा निळा पडदा येऊन यंत्र थांबते. पद्धत बदलून जुनी आयडीई केली की एक्सपी मुकाट बसते. पण त्याच यंत्रावर एएचसीआयमध्ये टाकलेली विंडोज ७ असेल तर आता ती निळा पडदा दाखवते. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसते. इलाज असा की पद्धत बदलण्याआधी विंडोज ७ च्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) आयडीईचा ड्रायव्हर चालू करून ठेवायचा, नाहीतर एक्सपीला एएचसीआयचा ड्रायव्हर टाकतानाच द्यायचा. नव्या यंत्रांवर विंडोज ७ चीही अशीच अडवणूक होते. तिच्या डीव्हीडीत यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नाहीत, म्हणून पहिल्याच पडद्यावर माउस आणि कीबोर्ड मरतात.

दोघींचे एका डिस्कवर नांदणे

डीव्हीडीवरून बूट करून टाकलेली विंडोज ७ आपल्या पार्टिशनला सी म्हणते. एक्सपीही आपल्या पार्टिशनला सीच म्हणत असते. म्हणजे कोणत्या बाजूने पाहतो त्यावर डी ड्राइव्ह कोणता हे ठरते. दुकानातल्या नव्या पोराला डी मध्ये दुसरे विंडोज फोल्डर दिसते, 'जुने पडलेले असेल' म्हणून तो ते उडवतो, आणि संध्याकाळी पेजमेकर उघडायची वेळ आली की रडारड होते. पार्टिशनना 'एक्सपी', 'सेव्हन', 'काम' अशी ठळक नावे द्यावीत. पत्रिकांच्या फाइली या दोन्हींपासून वेगळ्या, तिसऱ्या पार्टिशनवर ठेवाव्यात.

कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे एक्सपीने व्हिस्टा किंवा विंडोज ७ चे पार्टिशन उघडले की त्यांचे सिस्टम रिस्टोअरचे, म्हणजे प्रणाली आधीच्या अवस्थेत परत नेण्याचे, सगळे बिंदू पुसले जातात. एक्सपीला ती नवी नोंद समजत नाही. विंडोज ८ पासून आलेला फास्ट स्टार्टअप हा तर त्याहून मोठा खोडकर. तो चालू असला की 'शट डाउन' केलेली विंडोज पुरती बंद होत नाही, तिचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर झोपतो. त्या अवस्थेत दुसऱ्या प्रणालीने तिच्या पार्टिशनवर काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात. म्हणून लिनक्स असे पार्टिशन सहसा फक्त वाचण्यापुरते उघडतो. ड्युअल बूट करायचे तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ही सोय आधी बंद करावी.

युनिकोड मराठीही दोन्हींकडे सारखी वागत नाही. एक्सपीत देवनागरी नीट दिसण्यासाठी प्रादेशिक सेटिंगमध्ये जाऊन वेगळ्या फाइली टाकाव्या लागत आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. व्हिस्टापासून ही सोय आपोआप येते.

लिनक्स

विद्यार्थ्यांची गोष्ट थोडक्यात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची मूळ कंपनी २००५ ते २०११ या काळात सीड्या फुकट घरपोच पाठवत असे. इंटरनेट महाग आणि मंद होते, तेव्हा आडगावापर्यंत लिनक्स पोचला तो पोस्टमनच्या हातून. लिनक्स विंडोजनंतर टाकावा. त्याचा ग्रब हा बूटलोडर विंडोजला यादीत घेतो, मात्र २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधण्याचे काम तो मुळात बंद ठेवतो, त्यामुळे लिनक्सच्या काही वितरणांत (तयार संचांत) ते हाताने चालू करावे लागते. कंटाळून लिनक्सचे पार्टिशन नुसते डिलीट केले तर जुन्या बायोस यंत्रावर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' येऊन अडकते. आधी विंडोजचा बूट कोड परत लिहावा, मग पार्टिशन काढावे.

लिनक्समधून परत आल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसते, सकाळच्या अकराला पहाटेचे साडेपाच. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळ धरतो, विंडोज स्थानिक वेळ धरते, आणि भारताचा त्यांतला फरक नेमका ५ तास ३० मिनिटांचा. पुष्कळ जण मदरबोर्डचा सेल बदलून आणतात. सेल निर्दोष असतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की भागते.

पार्टिशन आणि वीज

असलेले पार्टिशन आखडून जागा मोकळी करणे हे या कामातले सर्वांत नाजूक पाऊल. डिस्क मॅनेजमेंटमधून विंडोज हे करू देते, पण पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल अशा हलवता न येणाऱ्या फाइली मध्ये आल्या की भरपूर जागा रिकामी असूनही थोडीशीच सुटते. त्या तात्पुरत्या बंद केल्या की आकडा वाढतो. फाइली सरकत असताना लाइट गेली तर पार्टिशन उघडेलच याची खात्री नसते. उन्हाळ्यात लाइटीचा भरवसा नसलेल्या गावात डेस्कटॉपवर हे काम यूपीएसशिवाय करू नये, आणि यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का ते आधी प्लग काढून बघावे. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी. यंत्रात दुसरी डिस्क बसवायला जागा असेल तर आखडण्याच्या भानगडीत पडूच नये. नव्या प्रणालीला स्वतंत्र एसएसडी द्यावी, आणि ती बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी.

सध्याची स्थिती

विंडोज ११ अधिकृतपणे यूईएफआय, सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागते आणि जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन-तक्त्याच्या डिस्कवर बसते. दुकानांत चालणारी ३२ बिट एक्सपी जीपीटी डिस्क वाचूच शकत नाही. त्यामुळे एक्सपीसोबत एका डिस्कवर नीट नांदणारी शेवटची विंडोज म्हणजे विंडोज १०, आणि तिची सर्वसाधारण देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ असलेल्या कित्येक नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने आपोआप कुलूपबंद केलेली असते. बूटच्या सेटिंगला हात लावला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते त्याचा पासवर्ड दुकानात लॅपटॉप चालू करून देणाऱ्या पोरालाच ठाऊक असतो. दोन विंडोजसाठी दोन परवाने लागतात, याकडे बाजारात सर्रास काणाडोळा होतो.

एक्सपी ठेवायचीच असेल तर तिला इंटरनेट देऊ नये, नेटवर्कचा ड्रायव्हरच टाकू नये. यंत्रात ८ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्स या संगणकाच्या आत नकली संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपी चालवणे ड्युअल बूटपेक्षा बरे: रीस्टार्ट न करता एका खिडकीत पत्रिका, दुसऱ्यात फॉर्म. यूएसबीचे डोंगल त्यात बहुधा चालते. प्रिंटर पोर्टचे डोंगल नव्या यंत्राला लावायला भोकच नसते, आणि यूएसबीला जोडायच्या स्वस्त केबल प्रिंटरपुरत्या असतात, डोंगल त्यांना जुमानत नाही. अशा दुकानात जुना डेस्कटॉप तसाच चालू ठेवावा लागतो.