तान्हं बाळ घेऊन घर बदलताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सामान हलवण्याची तारीख ठरवताना तुम्ही ‘घरात बाळ आहे’ या रकान्यात खूण केलीत, म्हणून हे पत्रक तुमच्या हाती दिलं आहे. कपाट कसं सोडवायचं, काचसामान कसं गुंडाळायचं, ते आमच्यावर सोडा. इथे फक्त बाळामुळे जे बदलतं तेवढंच लिहिलं आहे. त्यातलं मुख्य असं, की बाळाचं सामान सगळ्यांत शेवटी बांधायचं आणि सगळ्यांत आधी उघडायचं.

नेमकं उलट घडतं. ‘बाळाची खोली लहान आहे, ती आधी उरकून टाका,’ असं जवळजवळ प्रत्येक घरात आम्हाला सांगतात. पण गाडीत जे आधी चढतं ते तळाशी, पार आतल्या टोकाला जातं. त्याच्यापुढे फ्रिज येतो, मग गाद्या, मग पुस्तकांची खोकी. नव्या घरी रात्रीचे नऊ वाजलेले असतात, बाळ रडून रडून लाल झालेलं असतं, आणि त्याची कॉट अजून गाडीच्या पोटात.

कॉटची गोष्ट

ही चूक आमच्याही हातून झाली आहे. एका घरची कॉट आमच्या कामावरच्या मुलांनी व्यवस्थित सुटी केली, सगळे स्क्रू एका पुडीत घातले, पुडी अवजारांच्या डब्यात ठेवली आणि तो डबा स्वयंपाकघराच्या खोक्यांखाली गेला. नव्या घरी फळ्या हजर, स्क्रू बेपत्ता. बाळाचे बाबा मोबाइलचा उजेड पाडत एकेक खोकं फोडत होते आणि आमचे मुकादम मान खाली घालून उभे होते. डबा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

तेव्हापासून आम्ही कॉट सोडवण्याआधी चारी बाजूंनी तिचे फोटो काढतो. स्क्रू पारदर्शक पिशवीत घालून ती पिशवी कॉटच्याच फळीला आतून चिकटवतो. एखादा स्क्रू हरवलाच, तर हाताशी आला तो ठोकून वेळ मारून नेत नाही. तुम्हीही नेऊ नका. जोडून झाल्यावर दोन गोष्टी बघा. दोन दांड्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि गादी व चौकट यांच्या फटीत दोन बोटांपेक्षा जास्त शिरायला नको. गादी कडक आणि सपाट हवी, तिच्यावर उशी किंवा मऊ खेळणी नकोत. बाळाला पाठीवरच झोपवायचं. हे तुम्हाला ठाऊक असणार, पण सामान हलवल्याच्या रात्री ठाऊक असलेलंही विसरतं.

खास त्या रात्रीसाठी एक सावधगिरी. दिवसभर दमलेले आई-बाबा बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर टेकतात आणि तिथेच डोळा लागतो. सोफ्याच्या फटीत, उशांच्या मध्ये बाळ गुदमरू शकतं. म्हणून कॉट उभी करून त्यात गादी घातल्याशिवाय आमची माणसं तुमच्या घरातून निघत नाहीत. आम्ही विसरलोच, तर दार अडवून उभे राहा.

चादर धुऊ नका

नव्या घरात सगळं स्वच्छ असावं म्हणून बाळाची चादर, दुपटी धुऊन घडी घालून ठेवण्याचा मोह होतो. एक चादर तशीच राहू द्या, दोन रात्री वापरलेली. मोठ्यांचं घर म्हणजे पत्ता आणि किल्ली. बाळाचं घर म्हणजे झोपायच्या जागेचा वास, रात्रीच्या दिव्याचा नेहमीचा उजेड आणि आंघोळ, दूध, झोप हा रोजचा क्रम. भिंती आम्हाला नेता येत नाहीत. वास, दिवा आणि क्रम मात्र नेता येतो, तोही एका पिशवीत.

ही पिशवी आमच्या गाडीत चढवायची नाही, तुमच्याबरोबर ठेवायची. ती न धुतलेली चादर, रात्रीचा दिवा, दोन दिवसांचे डायपर (पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला आठ-दहा सहज लागतात), दोन्हीकडच्या हवेला चालतील असे कपडे, औषधं, थर्मामीटर आणि लसीकरणाचं कार्ड. कार्ड कागदपत्रांच्या फायलीत गेलं की महिनाभर सापडत नाही. अनेक देशांत ६, १० आणि १४ आठवड्यांना लशी असतात. तुमची तारीख यातल्या एखादीच्या जवळ येत असेल, तर नव्या ठिकाणचा दवाखाना आधी शोधा, पडद्यांचं माप नंतर घ्या.

दूध आणि फ्रिज

फ्रिज हलवण्याच्या आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवून कोरडा करावा लागतो. ज्या आया दूध काढून साठवतात त्यांच्यापुढे इथेच पेच उभा राहतो. काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये साधारण सहा महिने चांगलं राहतं. बर्फाच्या थैल्या घातलेल्या बंद कूलरमध्ये चोवीस तास टिकतं. फ्रीझरमधलं दूध एकदा पूर्ण वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवायचं. म्हणून सामान हलवण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासूनच साठा वापरून कमी करत आणा.

फ्रिज आम्ही उभाच नेतो. जिन्याच्या वळणावर कधी आडवा करावा लागला तर सांगतो, कारण मग तो जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवूनच सुरू करायचा असतो. सुरू केल्यावरही आतला गारवा ४ अंशांवर यायला काही तास जातात. तोवर दूध कूलरमध्येच राहू द्या. फ्रिजच्या आतला दिवा लागला म्हणजे फ्रिज गार झाला असं नाही.

पावडरीचं दूध देत असाल तर हे सोपं आहे. कोरडी पावडर मोजून छोट्या डब्यांत घ्या, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, आणि लागेल तेव्हाच कालवा. कालवलेलं दूध दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. बाळाने तोंड लावलं असेल तर तासाभरात ओतून द्या.

बांधाबांधीचे दिवस

बाळाला नुकतं झोपवलंय आणि शेजारच्या खोलीत चिकटपट्टी कर्रर्र करत ओढली जाते. या एका आवाजाने आमच्याविषयी जितकी तक्रार झाली तितकी फुटलेल्या कपबश्यांनीही झाली नसेल. बाळाच्या घरी आम्ही पाण्याने चिकटणारी कागदी पट्टी आणतो. तिला थोडा वेळ जास्त लागतो, पण आवाज नाही.

बबल रॅप, प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्मोकोलचे दाणे, सिलिका जेलच्या पुड्या, यातलं काहीही जमिनीवर पडलेलं दिसलं तर आधी आम्हाला हाक मारा, मग उचला. रांगणारं बाळ ते आपल्या सगळ्यांच्या आधी गाठतं. सगळ्यांत धोक्याची वस्तू मात्र वेगळीच आहे: रिमोट, वजनकाटा किंवा खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी. आदळआपटीत रिमोटचं झाकण निघतं आणि बॅटरी बाहेर येते. ती गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. आम्ही अशा प्रत्येक वस्तूचं झाकण पट्टीने बंद करतो, पण कपाटामागे पडलेली सुटी बॅटरी आम्हाला ठाऊक नसते.

बाळंतपण ताजं असेल, विशेषतः सिझेरियन झालं असेल, तर पहिले काही आठवडे आईने बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. ‘हे एवढंसं खोकं मीच सरकवते’ म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. त्याचे पैसे आम्ही घेतो आहोत, तुम्ही नुसतं बोट दाखवा.

त्या दिवशी

घरातल्या एका मोठ्या माणसाला बाळाखेरीज दुसरं कामच देऊ नका. दार सताड उघडं, माणसांची ये-जा, जिन्यात कपाट, अशा वेळी ‘तू बघतोयस ना?’ ‘मला वाटलं तू बघतेयस’ हा संवाद होता कामा नये. बाळाला दिवसभर दुसरीकडे ठेवायचं असेल तर ओळखीच्याच माणसाकडे. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास आई-बाबा दिसेनासे झाले की बाळं फार घाबरतात. तसं कुणी नसेल तर एक खोली शेवटपर्यंत तशीच ठेवा. तिच्या दारावर आम्ही लाल चिठ्ठी लावतो. ती चिठ्ठी असेपर्यंत आमचा कुणीही ते दार उघडत नाही.

‘चालकाच्या शेजारी बाळाला घेऊन बसू का?’ असंही विचारलं जातं. नाही. बाळ तुमच्या गाडीत, मागच्या बाजूला तोंड असलेल्या बाळाच्या खास आसनात (कार सीटमध्ये) पट्टे लावूनच जायला हवं. मांडीवर नाही, अगदी दोन गल्ल्या पलीकडे जायचं असलं तरी. प्रवास लांबचा असेल तर दर दोन तासांनी थांबून त्याला आसनातून बाहेर काढा. पोहोचल्यावर झोपलेलंच असलं तरी आसनात तसंच ठेवू नका, सपाट गादीवर घ्या. आणि सामान उतरवून घेण्याच्या गडबडीत बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. उन्हात आतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी चढू शकतं.

नवं घर

सामान आत येण्याआधी रिकाम्या घरात एकदा गुडघ्यांवर चालून पाहा. थोडं हास्यास्पद वाटेल, आमची मुलंही गालातल्या गालात हसतील, पण उभ्याने न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हाच दिसतात: लोंबणारी पडद्याची दोरी, हाताच्या उंचीवरचा प्लग, बाल्कनीच्या गजांतली फट, आधीच्या रहिवाशांनी सोडलेला खिळा. पाण्याने भरलेली बादली न्हाणीघरात ठेवू नका, बाळाला बुडायला बोटभर खोल पाणीही पुरतं. पाणी तापवायच्या यंत्राचा काटा आधीच्या लोकांनी कुठे ठेवलाय कोण जाणे, तो ४९ अंशांच्या वर नको. बाळाच्या आंघोळीचं पाणी ३७-३८ अंशांचं पुरे.

उंच कपाटं आणि खणांची टेबलं आम्ही भिंतीला पट्टीने बांधून देतो. घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोक पाडायची मालकांची परवानगी आधीच घेऊन ठेवा, म्हणजे पुन्हा यावं लागत नाही. कपाटं बांधून होईपर्यंत त्या खोलीत बाळाला एकटं सोडू नका. खण उघडून त्यांच्यावर पाय देत वर चढायला मुलं फार लवकर शिकतात.

पहिले आठ-दहा दिवस झोप मोडेल. रात्रभर झोपणारं बाळ पुन्हा तीनदा उठेल. याच आठवड्यात दूध तोडणं, वेगळ्या खोलीत झोपवणं असलं काही नवं सुरू करू नका. सहा महिन्यांपर्यंत तर त्याने तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या कॉटमध्ये झोपावं. बाकी खोकी महिनाभर तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. रिकामी झाली की फोन करा, आम्ही येऊन घेऊन जातो. एखादं खोकं बाळाला खेळायला ठेवणार असाल तर तळाच्या पिना तेवढ्या काढून घ्या.

आदल्या संध्याकाळी आमचे मुकादम तुम्हाला फोन करतील. बाळाचं वय, दुपारच्या झोपेची वेळ आणि दारावरची बेल वाजवायची की नुसती टकटक करायची, हे त्यांना तेव्हाच सांगून ठेवा.