गल्लीला बी पुरवणारं परस : खानदेशी परसबागेची पार्श्वभूमी

'तिच्या हाताला गुण आहे' असं खानदेशातली गल्ली एखाद्या बाईबद्दल म्हणायची, तेव्हा रोख बहुधा तिच्या परसाकडे असायचा. घरामागची पाच-सहा हात रुंदीची पट्टी, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू आणि केळ, कुडावर चढलेलं गिलकं (घोसाळं), कोपऱ्यात शेवगा. बाजार आठवड्यातून एकदा. मधल्या सहा दिवसांत ताटात हिरवं काय पडणार हे या पट्टीवर ठरायचं. शेजारी बाळंतीण आली की शेपू कुणाकडून आणायचा आणि पुढच्या हंगामाला बी कुणाकडे मागायचं, हेही तिथेच ठरायचं.

वावर पैशाच्या पिकाला आणि ताटातली भाजी परसाला, ही वाटणी का पडली ते कपाशीच्या इतिहासात सापडतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कपाशीचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. वावरात पैशाचं पीक शिरलं ते मग निघालंच नाही. विहीर-मोट असलेल्याच्या मळ्यात भाजी पिकायची. कोरडवाहू घराला मात्र बांधावरची अंबाडी, कपाशीतल्या चवळी-मुगाच्या ओळी आणि परस एवढाच आधार होता. वावराचा हिशेब पुरुषाकडे, परसाचा सासूकडे किंवा थोरल्या जावेकडे. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तापीकाठच्या गावांतली ही रीत त्याने फारशी हलली नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर चित्र वेगळं, कारण तिथं घरच शेतात असतं.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचं आयुष्य अशाच शेती-संसाराचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून घेतली म्हणून ती राहिली. बियाणं राखणाऱ्या बाकीच्या बायांच्या घरी उतरवून घेणारं कुणी नव्हतं. त्यांचं ज्ञान सुनेच्या हातात गेलं तेवढंच उरलं.

ते ज्ञान किती बारीक होतं, हे भरिताच्या वांग्यावरून कळतं. बामणोद, असोदा, भादली या भागातलं हे मोठं, फिकट हिरवं वांगं. २०१६ साली 'जळगाव भरीत वांगी' म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी कित्येक पिढ्या त्याचं बी परसातच राखलं गेलं. बियाण्यासाठी पहिलं फळ धरत नाहीत. झाड भरात असताना, दुसऱ्या-तिसऱ्या बहराचं, अळी न लागलेलं फळ निवडून त्याला चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडत नाही. फूल लागल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांनी फळ पूर्ण पिवळं पडतं. मग ते चिरून, पाण्यात कुस्करून ठेवायचं. भरीव बी तळाशी बसतं, पोचट तरंगतं ते ओतून टाकायचं. बी सावलीत वाळवायचं, कारण वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर टाकलेलं ओलं बी भाजून निघतं. नखाने दाबल्यावर वाकलं तर अजून ओल आहे. कट्‌कन तुटलं की राखेत घालून मडक्यात भरायचं.

एवढं करूनही पुढच्या वर्षी वांगं जांभळट का निघतं? वांग्याचं फूल बहुतेक स्वतःच फळतं, पण मधमाशी थोडा परका परागही आणते. शेजारी काटेरी वांगं असेल तर भेसळ होते. उपाय सोपा आहे: बियाण्याची कळी उमलण्याआधी मलमलीच्या पुरचुंडीत बांधायची, फळ धरलं की सोडायची. शेंडा मरगळलेला दिसला तर आत अळी आहे असं धरून तो दोन बोटं खालून खुडून जाळायचा. नुसता खुडून वाफ्यात टाकला, तर अळी तिथूनच पुढच्या झाडावर जाते.

वेलांना वेगळी खबरदारी लागते. गिलक्याचं बीफळ वेलावरच वाळू द्यायचं, हलवल्यावर खुळखुळलं की काढायचं. आतली जाळी अंग घासायला. दुधी कडू लागला तर त्याचं बी धरायचं नाही आणि तो खायचाही नाही, त्यातला कडू अंश विषारी असतो. वाल-चवळीला भुंगा लागतो, म्हणून त्यांना एरंडेलाचं बोट चोळून ठेवतात.

परसाचं पंचांग सणांशी बांधलेलं होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसते. तिच्या नैवेद्याला गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी लागते, पण पावसाळ्यात लावलेलं गंगाफळ तोवर तयार होत नाही. त्याला साडेतीन-चार महिने हवेत. म्हणून जाणती बाई माघातच बी टोचायची, वैशाखात फळ उतरवायची. चार बोटं देठ ठेवून तोडलेलं फळ माळ्यावर कडब्यावर ठेवलं की दोन-तीन महिने टिकतं. देठ मोडला की तिथूनच सडायला लागतं. कानबाईचे रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत. गंगाफळाच्या फोडी मात्र गल्लीभर जायच्या, आणि बीही.

हे सगळं चालायचं सांडपाण्यावर. १०० चौरस फुटांच्या वाफ्याला उन्हाळ्यात रोज ५०-६० लिटर पाणी लागतं, आणि पाच माणसांच्या अंघोळीचं तेवढं सहज निघतं. भांडी राखेने घासली जात आणि डोक्याला शिकेकाई असे, तोवर या पाण्याने काही बिघडत नव्हतं. कपडे धुण्याची पावडर घरोघरी आली आणि गणित फिरलं. पावडरीतला सोडियम काळ्या जमिनीतल्या चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो. वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही, पानांच्या कडा करपतात. सगळ्यात आधी वाल आणि घेवडा जातो, कर्दळ तग धरते. कित्येक घरांत 'जमिनीतला कस गेला' म्हणून परस सोडून दिलं गेलं, ते खरं तर यामुळे. फेसाचं पाणी गटारीत आणि शेवटच्या खंगाळणीचं झाडांना, एवढं केलं तरी पुष्कळ सावरतं. बिघडलेल्या १०० चौरस फुटांना पावसाळ्याच्या तोंडावर दोनेक किलो जिप्सम शेणखतात मिसळून द्यावं. पुढे पाऊस पडला पाहिजे, नाहीतर सोडियम धुऊन जात नाही.

मग बंदिस्त गटारी आल्या, प्लॉट आवळले, अंगणात फरशी बसली. संकरित बियाण्याची पुडी आली. तिचं उत्पन्न चांगलं, पण तिचं बी धरलं तर पुढची झाडं सारखी निघत नाहीत. दरवर्षी दुकानात जायचं म्हटल्यावर गल्लीतल्या त्या बाईकडे जायचं कारणच संपलं.

अलीकडे 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतून पोषण परसबागा लागतात. गोल आखणी, सात वारांचे सात वाफे, मध्ये कचऱ्याचा खड्डा. आखणी देखणी आहे, पण एका वाफ्यात पाच जणांना दिवसभर पुरेल एवढी भाजी निघत नाही; पालेभाजीपुरतं धरलं तर हिशेब बसतो. बी बहुधा वाटपाच्या पाकिटातलं असतं. गटात दहा-बारा जणी असतील, तर प्रत्येकीने एकाच भाजीचं बी धरायचं ठरवणं सोयीचं: एकीकडे गिलकं, दुसरीकडे दोडका, म्हणजे दोघांची भेसळ टळते. भरिताच्या वांग्याचं बी मात्र दोघींकडे असावं, एकीचं मडकं उंदराने फोडलं तर दुसरीकडून मिळतं. नीट वाळलेलं असेल तर ते तीन वर्षं उगवतं.