दूध पाजल्यानं आईची हाडं पोकळ होतात का?

गेल्या डिसेंबरात नागपुरात मानेवाड्याला भाचीच्या मुलीचं उष्टावण होतं. खीर चाटवून झाली, पानं मांडायला घेतली, तेवढ्यात नात्यातल्या एका आजींनी भाचीला जवळ बसवून घेतलं. "सहा महिने झाले नं माय, आता सोडव अंगावरचं. जास्त दिवस पाजलं तं हाडं पोकळ होतात. माह्याकडे पाय, कणाच वाकला." भाचीची कंबर तेव्हा चार महिन्यांपासून दुखत होती. तिला ते लगेच पटलं.

आजींचं म्हणणं अर्धं खरं आहे. अंगावर पाजताना आईची हाडं विरळ होतात, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. ती तशीच विरळ राहतात, हे मात्र खरं नाही. मधल्या काळात जे घडतं ती शरीरातली माझी सर्वांत आवडती यंत्रणा आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे किती बायका लवकर दूध तोडत असतील, या विचारानं मला तेव्हापासून अस्वस्थ केलं आहे.

आधी हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण 1 किलो कॅल्शियम असतं, त्यातलं 99 टक्के हाडा-दातांत. पोटातलं बाळ नऊ महिन्यांत आईकडून जेमतेम 30 ग्रॅम कॅल्शियम घेतं. अंगावर पिणारं बाळ रोज 200 मिलिग्रॅमच्या आसपास घेतं. सहा महिन्यांचे झाले 36 ग्रॅम. म्हणजे अख्खा सांगाडा घडवायला लागलं त्याहून जास्त कॅल्शियम नुसत्या दुधातून जातं.

गरोदरपणी ही गरज आतडं भागवतं. अन्नातलं कॅल्शियम शोषण्याचं त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. बाळंतपणानंतर आतडं पूर्वपदावर येतं आणि भार हाडांवर पडतो. हाड दगडासारखं निर्जीव नसतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी ते सतत कोरत असतात आणि ऑस्टिओब्लास्ट भरत असतात. बाळ चोखतं तेव्हा मेंदूतून बीजकोशांना जाणारा संदेश मंदावतो, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरतं, आणि कोरणाऱ्या पेशींवरचा लगाम सैल होतो. त्याच वेळी स्तनातूनच एक संप्रेरक रक्तात उतरतं: पीटीएचआरपी, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड संप्रेरकाचं चुलत भावंड. तेही हाडाला कॅल्शियम सोडायला लावतं. स्तनाच्या पेशींवर कॅल्शियम मोजणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएचआरपी वाढवतात, पुरेसं झालं की कमी करतात. शिवाय हाडाच्या आत गाडून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी आपापल्या खोबणीची भिंतच थोडी विरघळवतात. दूध बंद झालं की त्याच पेशी ती भिंत पुन्हा लिंपून घेतात! मणक्यांसारख्या जाळीदार हाडांची घनता या काळात 5 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरते. म्हातारपणी एवढी झीज व्हायला वर्षं लागतात, इथे ती महिन्यांत होते.

मग दूध तुटतं. इस्ट्रोजेन परत येतं, पीटीएचआरपी थांबतं, आणि पुढच्या सहा महिने ते वर्षभरात बहुतेक बायकांचं हाड भरून निघतं. इतवारीतल्या सराफाकडे पाटल्या गहाण ठेवाव्यात आणि हंगाम आला की सोडवून आणाव्यात, तसं हे आहे. बहुतेक अभ्यासांत दूध पाजलेल्या बायकांची हाडं उतारवयात जास्त मोडलेली दिसत नाहीत.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही झीज थांबेल का, हेही तपासून झालं आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत आणि आफ्रिकेतल्या गांबियात, जिथे बायकांच्या आहारात कॅल्शियम फारच कमी असतं, पाजणाऱ्या आयांना ते वरून देऊन पाहिलं. झीज थांबली नाही. गांबियात दुधातलं कॅल्शियमही वाढलं नाही. माझ्या मते याचा अर्थ असा, की उत्क्रांतीनं बाळाची सोय आईच्या रोजच्या ताटावर ठेवलीच नाही, साठ्यावर ठेवली. म्हणून "बाळंतिणीची हाडं वाचवणारी" म्हणून महागड्या पावडरी विकल्या जातात तेव्हा मला चीड येते.

2024 मध्ये या गोष्टीत मेंदू आला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना पाजणाऱ्या उंदरिणींच्या मेंदूतून निघणारं सीसीएन3 नावाचं संप्रेरक सापडलं. इस्ट्रोजेन तळाला गेलेलं असताना हाड बांधत राहण्याचं काम ते करतं. ज्या उंदरिणींत ते बनू दिलं नाही, त्यांची हाडं झपाट्यानं झिजली आणि पिल्लांची वजनंही घटली. एका हातानं कोरायचं आणि दुसऱ्या हातानं सावरायचं, असा हा बंदोबस्त. हे उंदरांतलं आहे. "हाडं वाढवणारं औषध आलं" अशा मथळ्यांवर इतक्यात भाळू नये.

हाडांपलीकडचा हिशेब तर आईच्या बाजूचाच आहे. 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष 2002 मध्ये आला: दर 12 महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी घटतो. अमेरिकेत 30 वर्षं पाठपुरावा केलेल्या बायकांत, एकूण वर्षभर किंवा जास्त पाजणाऱ्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण अजिबात न पाजणाऱ्यांच्या जवळपास निम्मं होतं. बीजकोशाचा कर्करोग आणि हृदयविकार यांतही कल असाच दिसतो. मात्र ही निरीक्षणं आहेत. पाजू शकणाऱ्या बायकांची मुळात तब्येत किंवा परिस्थिती बरी असणं, हा फरक पूर्णपणे वजा करता येत नाही. जिला दूध आलंच नाही, तिला या आकड्यांवरून कोणी बोल लावू नये.

गहाण सोडवायला भांडवल मात्र लागतं: दूध-दही, तीळ, डाळी, अंडी आणि ड जीवनसत्त्व. नागपुरात उन्हाला तोटा नाही, पण सव्वा महिना खिडक्या लावून बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर ते ऊन काय कामाचं? आणि संत्रं! हंगाम ऐन भरात असताना भाचीला एक फोड मिळाली नव्हती, कारण "आंबटानं दूध फाटते, बाळाले सर्दी होते." दूध आईच्या रक्तातून बनतं, पोटातल्या रसातून नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. हाडाचा सांगाडा ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो ते विणायला क जीवनसत्त्व लागतं, आणि आपल्याच गावच्या फळावर बंदी घालून नेमकं तेच आपण तिच्या ताटातून काढून घेतो.

उष्टावणानंतरच्या आठवड्यात मी भाचीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. क्वचित एखाद्या बाळंतिणीचा मणका खरंच दबतो, म्हणून अचानक उठलेली, असह्य पाठदुखी अंगावर काढू नये. भाचीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. ती पलंगावर टेकू न घेता, बाळावर वाकून पाजत होती, दिवसातून आठ-दहा वेळा. डॉक्टरांनी तिला पाठीला लोड आणि मांडीवर उशी घ्यायला सांगितलं. मुलगी आता वर्षाची होत आली आहे आणि अजून अंगावर पिते.