बंदुकीचं पॅकिंग (नेमबाजी)

बंदुकीचं पॅकिंग म्हणजे रायफल किंवा पिस्तूल रिकामं करून, सुटे भाग वेगळे काढून, कुलपाच्या कडक पेटीत प्रवासासाठी बंद करणं. कोल्हापुरात हा शब्द शिकाऱ्यांपेक्षा नेमबाजांच्या घरात जास्त ऐकू येतो. तेजस्विनी सावंत (२०१०, म्युनिक, ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं झोपून मारायच्या रायफलची वर्ल्ड चॅम्पियन), पिस्तूलवाली राही सरनोबत आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ही सगळी इथली माणसं, त्यामुळे दर मॅचच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी हॉलमध्ये ही पेटी उघडी पडलेली असतेच.

पहिलं काम रिकामं करणं, आणि ते घाईत करायचं नसतं. मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) काढायचं, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) मागं ओढायचा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेत, डोळ्यानं बघायचं आणि मग दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावायचं, कारण "मी कालच रिकामी केली होती की" म्हणणाराच चुकतो. मग नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग. पॉइंट टू टूच्या (०.२२ बोअरच्या, काडतुसाच्या) रायफलचा बोल्ट काढून वेगळा गुंडाळतात, बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती नळी आणि दस्ता. साइट्स (नेम धरायची भिंगं-कड्या) पण काढून डबीत ठेवतात. पेटीतला फोम रायफलच्या आकाराचा कापलेला पाहिजे, आत काहीच हलता कामा नये, नाहीतर पोचल्यावर झिरो, म्हणजे साइट्सचा नेम जुळवणं, परत करत बसा.

एअर रायफलचं दुखणं वेगळं. तिच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार हवा असते, विमानात न्यायचा तर तो हळूहळू रिकामा करून सुटा ठेवायला सांगतात, आणि त्याच्या तोंडाला तेलाचा हात अजिबात लावायचा नाही, एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेटू शकतं.

काडतुसं रायफलपासून वेगळी, कंपनीच्या मूळ खोक्यात. विमानात माणशी ५ किलोची मर्यादा आहे, खोक्यासकट, आणि दोघांचं मिळून १० किलो एका पेटीत चालत नाही. पेटी केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन काउंटरवर आधी सांगून सामानात द्यायची. लायसन्स मात्र पेटीत नाही, खिशात. त्यावर कुठल्या भागासाठी चालतं ते लिहिलेलं असतं, जिल्हा, राज्य का अख्खा देश, ते निघण्याआधी वाचायचं. एअर रायफल ०.१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली असली तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही, पण रेल्वेत "वीणा हाय काय भजनाची?" विचारणाऱ्याला आणि पोलिसाला दाखवायला कागद असलेले बरे, कारण लांबून एअर रायफल आणि काडतुसाची रायफल सारख्याच दिसतात.

पावसाळ्यात आपल्याकडं अजून एक भानगड. फोम ओल धरतो. सिलिका जेलच्या पुड्या टाकतात, पण घरी आल्यावर पेटी उघडून रायफल बाहेर काढून पुसली नाही तर आठवड्यात नळीवर तांबूस ठिपके आलेच समजा.