पार्श्वभूमी : मराठी अक्षर सगळ्यांच्या हाती आले तेव्हा

पुण्यात सार्वजनिक वादाला जागेची वाण कधीच नव्हती. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये निघाला, ‘केसरी’ १८८१ मध्ये, ‘सकाळ’ १९३२ मध्ये. मात्र छापून येणारा प्रत्येक शब्द संपादकाच्या नजरेखालून जाई. वाचकाचे पत्र छापायचे का, किती कापायचे, हे कचेरीत ठरे. इंटरनेटने ही मक्तेदारी मोडली असे आपण सरसकट म्हणतो. पण नुसते कनेक्शन घरात येऊन मराठीत ते घडले नाही. त्यासाठी मराठी अक्षर कुणालाही उमटवता यायला हवे होते, आणि त्याची बरीच घडण पुण्यातच झाली.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली. सगळ्यांना आठवतो तो १९९१चा ‘परम ८०००’ हा महासंगणक. माझ्या मते संगणकावर भारतीय लिप्या आणणाऱ्या ‘जिस्ट’ गटाचे काम तेवढ्याच तोलाचे आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे तंत्रज्ञान सी-डॅकमध्ये वाढले. त्याच्याशी जोडलेली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना आकडी संकेत देण्याची पद्धत, ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांतल्या समान अक्षरांना एकच संकेत देते. ‘क’ देवनागरीतला असो की गुजरातीतला. इनस्क्रिप्ट कळफलकही याच विचाराचा : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. १९९१ मध्ये युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिने देवनागरीची मांडणी घेतली ती १९८८च्या इस्कीवरून.

आणि तरीही पुढची दहा-पंधरा वर्षे घोळात गेली. डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावणारे, श्रीलिपीसारख्या प्रणालींवर पुस्तके आणि पत्रिका सुबक लावत होते, पण त्या काळच्या फॉन्टमध्ये बहुधा इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. तोच फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मजकुराचा चिखल. वृत्तपत्राचे संकेतस्थळ वाचायचे तर आधी त्याचा फॉन्ट उतरवून घ्या, आणि शोधयंत्राला त्यातले काही कळणार नाही ते वेगळेच. त्या काळातल्या कितीतरी फाइली आजही शोधता येत नाहीत, याची मला फार हळहळ वाटते. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवयही याच अडचणीत रुजली.

युनिकोड संगणकांत रुळले आणि चित्र पालटले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढे स्मार्टफोन आले, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. ज्यांचे पत्र कधी छापून आले नसते, असे लोक रोज मराठीत लिहू लागले. हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखू नये.

त्याची दुसरी बाजूही पुण्याने पाहिली. २०१४च्या मे महिन्याच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवरून पसरली. शहरात दगडफेक झाली, बसगाड्या फोडल्या गेल्या. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये जमावाने एका तरुण संगणक अभियंत्याला ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले.

छापील वृत्तपत्रावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव असलेच पाहिजे, हा नियम १८६७च्या कायद्याने घातला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मात्र इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या कंपन्यांना काही अटींवर संरक्षण देते. संपादकाची कात्री गेली, हे बरे झाले. तिच्याबरोबर त्याचे उत्तरदायित्वही गेले, आणि ती जागा अजून कुणी घेतलेली नाही.